केसाळ रेषा सुटताना

चित्र काढायला नव्याने बसलेल्या माणसाची वही उघडली की बहुधा एकच दुखणे दिसते. माडाचा बुंधा एका ओढीत उतरायला हवा, तिथे सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचे वीस-पंचवीस तुकडे एकमेकांवर चढलेले असतात. लांबून तो बुंधा वाटतो, जवळ गेले की नारळाचा सोडणा. आम्ही तिला केसाळ रेषा म्हणतो. पणजीत आठ आठवडे आम्ही काही जण फक्त या एका दुखण्यामागे लागलो होतो. रोज पाऊण तास, त्यातली पंधरा मिनिटे निव्वळ रेघा आणि उरलेला वेळ समोर दिसेल त्याचे रेखाटन. त्यात कशाचा गुण आला, कशाचा आला नाही आणि का, ते इथे लिहितो.

केसाळ रेषा भीतीतून येते असे सगळेच सांगतात. भीती असते, नाही असे नाही. पण ‘घाबरू नका’ म्हटल्याने कुणाची रेघ सुधारलेली आम्ही पाहिली नाही. मूळ कारण हाताच्या सांध्यांत आहे. लिहिताना आपण पेन टोकाजवळ धरतो, तळहाताची कड कागदावर टेकवतो आणि बोटे व मनगट हलवतो. चार-पाच मिलिमीटरच्या अक्षराला ही पद्धत उत्तम. पण त्याच पकडीत वीस सेंटीमीटरची रेघ काढायला गेले की पाच-सहा सेंटीमीटरवर मनगटाची मजल संपते. हात उचलायचा, पुढे सरकवायचा, पुन्हा टेकवायचा. प्रत्येक टेकण्याला एक तुकडा. शिवाय मनगट टेकलेले असले की तो कंपासाचा पाय होतो आणि पेनचे टोक त्याच्याभोवती कमान काढते. म्हणून मनगटातून सरळ रेघ येत नाही, येते ती धनुकली. ती दिसली की मन म्हणते वाकडी गेली, आणि तिच्यावर दुसरी ओढली जाते, मग तिसरी.

दुसरे कारण डोळ्यांचे. शिकणारा पेनच्या टोकाकडे पाहत रेघ काढतो. डोळ्याने चूक टिपून हाताने ती दुरुस्त करायला सेकंदाचा दहावा ते पाचवा हिस्सा लागतो. तोवर टोक पुढे गेलेले असते, दुरुस्ती उशिरा पोचते आणि जास्त होते. मग तिची दुरुस्ती. संथ काढलेली रेघ थरथरते ती यामुळे. हात कापत नसतो, तो दर क्षणी वळवला जात असतो. तेव्हा रेघेबद्दलचे सगळे निर्णय टोक कागदाला टेकण्याआधी उरकायचे आणि टेकल्यावर हाताच्या कामात ढवळाढवळ करायची नाही, हे आमच्या सगळ्या सरावाचे सूत्र झाले. पुढचे जे काही आहे ते या सूत्राला शरीर लावण्यापुरतेच.

आधी बैठक. टेबलावर सपाट ठेवलेल्या कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब जातो, आखूड दिसतो, आणि हात नकळत तिथे जास्त लांबी देतो. कागद उभा करून पाहिला की चित्राची वरची बाजू ताणल्यासारखी दिसते. त्यामुळे बोर्ड तिरका हवा. मांडीवर खालची कड आणि टेबलाच्या काठावर पाठ टेकवली की साधारण ४५ अंश मिळतात, तेवढे पुरे. उभ्याने काढता आले तर आणखी चांगले, कारण बसल्यावर कोपर बरगडीला चिकटते आणि खांदा गप्प होतो. पेन टोकापासून चार-पाच सेंटीमीटर मागे धरायचे. पहिले तीन दिवस ही पकड परकी वाटते, जेवताना डाव्या हाताने घास घ्यावा तशी. कागदाला फक्त करंगळीचे नख टेकवायचे, तळहात नाही. पाच सेंटीमीटरपर्यंत मनगट चालेल, पंधरापर्यंत कोपर, त्यापुढे खांदा. हे आकडे प्रत्येकाच्या हाताप्रमाणे थोडे हलतात, क्रम हलत नाही.

साहित्यात मुद्दाम काटकसर केली. झेरॉक्सचा ए-४ कागद, ७५ जीएसएमचा, पाचशे पानांचे एक रिम. रोज दहा पाने वापरली तर पन्नास दिवस पुरते. महाग वही घेतली की पान वाया जाईल या धास्तीने हात पुन्हा आखडतो, म्हणून पहिले दोन आठवडे वहीला हातच लावू नये. मोठ्या रेघांना जुनी वर्तमानपत्रे वापरली. त्यांतल्या मजकुराचे रकाने उभ्या रेघांना आयते लक्ष्य देतात: ब्रश पेन घेऊन दोन रकान्यांमधल्या पांढऱ्या पट्टीतून वरून खाली यायचे, अक्षरांना न शिवता. पेन्सिल सुरुवातीला बंद, कारण तिच्या मागोमाग खोडरबर येतो. बॉलपेनही नको, ते चुगली करत नाही. ०.५ मिलिमीटर टोकाचे फाइनलायनर पेन घ्यावे. हात जिथे अडखळतो तिथे त्याची शाई कागदात उतरून ठिपका पडतो. दिवसाच्या शेवटी पान पाहिले की रेघेच्या कुठल्या भागात शंका आली ते त्या ठिपक्यांवरून वाचता येते. दाब देणाऱ्यांचे टोक आठवडाभरात चेपते, हीदेखील एक तपासणीच. पेन महिना टिकायला लागले की पकड सैल झाली समजावे.

सरळ रेघेचा धडा रांगोळीतून घेतला. ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या बाईचा हात बघावा. चिमटीतून पूड सुटत असताना हात थांबला तर ढिगली पडते, म्हणून तो थांबत नाही; आणि नजर चिमटीवर नसते, पुढच्या ठिपक्यावर असते. तेच कागदावर करायचे. पंधरा सेंटीमीटर अंतरावर दोन ठिपके. पहिल्या ठिपक्यावर पेन आणून, कागदापासून अर्धा सेंटीमीटर वर, दोन-तीन वेळा हवेतच दुसऱ्या ठिपक्यापर्यंत फेरी मारायची. फेरीची दिशा पटली की टोक टेकवायचे, नजर दुसऱ्या ठिपक्यावर रोखायची आणि साधारण एका सेकंदात ओढून मोकळे व्हायचे. श्वास रोखू नये, सोडता सोडता ओढावी. चुकली तर चुकली, तिच्यावर दुसरी नाही. पुढची जोडी घ्यायची. एका पानावर तीसेक रेघा बसतात. आडव्या, उभ्या, दोन्ही तिरप्या; पण कागद फिरवायला मनाई नाही. उजव्या हाताने काढणाऱ्याला डावीकडून खालून उजवीकडे वर जाणारी रेघ सहज जमते, डावखुऱ्याला तिच्या उलट. हाताला सोयीची दिशा सापडली की बाकीच्या रेघा कागद वळवून त्याच दिशेत आणता येतात. यात लबाडी काही नाही. भिंतीएवढ्या चित्रात कागद फिरत नाही हे खरे, पण तोवर हात तयार झालेला असतो.

याच्या जोडीला आठ रेघांचा सराव. पट्टीने एक रेघ आखायची आणि हाताने तिच्यावरून आठ वेळा जायचे, प्रत्येक वेळी त्याच ठिपक्यापासून. शेवटाकडे रेघा झाडूसारख्या फाकल्या तर हरकत नाही, दोन आठवड्यांत मिटतात. सुरुवातीलाच फाकलेल्या असतील तर मात्र टोक नीट न टेकवता घाई केलेली असते. ओढण्यात वेग हवा, टेकवण्यात नाही. आमच्यातल्या बहुतेकांनी हे उलटे केले होते: टेकवणे भसकन आणि ओढणे भीतभीत. मोडी लिहिणारे आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढून घेत आणि मग तिला अक्षरे टांगत जात. लेखणी कमीत कमी उचलायची ही त्या लिपीची सोय. सराव म्हणून ए-४ आडवा धरून अशा वीस शिरोरेषा ओढून पाहाव्यात. शेवटच्या पाच सेंटीमीटरमध्ये रेघ खाली झुकत असेल तर कोपर टेबलाला टेकलेले आहे.

चुका ओळखायला शिकणे हे निम्मे काम. रेघ एकाच बाजूला कमानीसारखी जात असेल तर सांधा चुकला आहे, कोपराऐवजी खांदा लावावा; तरीही राहिली तर मुद्दाम उलट बाजूला किंचित वाकवायचा प्रयत्न करावा, ती सरळ येते. बारीक लाटा येत असतील तर वेग कमी आहे किंवा नजर टोकावर आहे. शेवटी आकडा वळत असेल तर पुढच्या रेघेची घाई आहे. ठिपक्यापुढे रेघ जाते म्हणून शेवटी ब्रेक लावणे हा सर्वात वाईट उपाय; त्याने टोकाला शाईचा गोळा येतो. हात चालता ठेवून पेन उचलावे. दोन-चार मिलिमीटर पुढे गेलेली रेघ चित्रात जिवंत दिसते, दोन मिलिमीटर कमी पडलेली लंगडी.

तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांचीच चित्रे आधीपेक्षा वाईट झाली. हे घडतेच, त्यामुळे आधी सांगून ठेवलेले बरे. रेघ गुळगुळीत झालेली असते पण नेम बसत नाही. खिडकी चौकटीबाहेर जाते, होडीला काठ उरत नाही. इथे बरेच जण पुन्हा तुकडे जोडायला लागतात, कारण त्या पद्धतीत निदान आकार जमत होता. आम्ही उलट ठरवले की पंधरा दिवस आकार बिघडला तरी चालेल, ओढ बिघडता कामा नये. नेम सरावाने येतो. पण नेम साधण्यासाठी ओढ सोडली की दोन्ही जातात. त्या पंधरा दिवसांत कुणालाही चित्र दाखवायचे नाही एवढे पथ्य पाळले.

वक्ररेषेसाठी लंबवर्तुळासारखा दुसरा गुरू नाही. हवेत दोन फेऱ्या, मग कागदावर न थांबता दोन फेऱ्या, फार तर तीन. एकाच फेरीत काढले तर जोड दिसतो, चार झाल्या की पुन्हा काथ्या. टोके टोकदार होत असतील, म्हणजे वर्तुळाऐवजी मासा होत असेल, तर हात दोन कमानी वेगवेगळ्या काढतो आहे. वळणावर वेग कमी करू नये. पानभर लंबवर्तुळे काढण्याचा कंटाळा येतो, म्हणून आम्ही ती वस्तूंत शोधली. घागर, तांब्या, तुळशीवृंदावनाचा चौथरा, आणि सगळ्यांत भारी म्हणजे देवळाचा दीपस्तंभ. मंगेशीचा सातमजली दीपस्तंभ घ्या. नजरेच्या उंचीवरचा थर जवळजवळ सरळ रेघेसारखा दिसतो. त्याच्या वरचे थर वर फुगलेल्या कमानीसारखे, खालचे खाली फुगलेले, आणि नजरेपासून जितके लांब तितकी कमान जास्त. शिकणारा सगळ्या थरांना एकच कमान देतो आणि स्तंभ ढासळल्यासारखा दिसतो. आधी मधोमध उभी आस ओढावी, मग प्रत्येक थराचे पूर्ण लंबवर्तुळ, मागची न दिसणारी बाजूसुद्धा. नेहमीच्या शाईच्या पेनने मागची बाजू काढायला संकोच वाटतो, चित्र घाण होईल असे वाटते. तसे होत नाही. पुढच्या कमानीवर नंतर एक जास्तीची ओढ दिली की मागची आपोआप मागे सरते.

होडीचेही असेच. मालीमच्या जेटीवर होड्या काढताना जो तो काठाची वरची रेघ तुकड्यातुकड्यांनी जोडत बसतो. त्याऐवजी आडवा, लांबट इंग्रजी आठ एका ओढीत काढावा, एक फासा मोठा, एक लहान. होडीच्या दोन्ही काठांचे वळण त्यात आधीच असते. मोठ्या फाशाच्या टोकातून नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, खाली उतरवायची, लहान फाशाची वरामाची म्हणजे मागची बाजू कापायची, तळाची एक रेघ, झाली होडी. दहा वेळा काढला तर सहा वेळा हा आठ बिघडेल. बिघडलेल्या आठाची होडी करायला जाऊ नये, शेजारी दुसरा काढावा.

आता माड, कारण गोव्यात स्केच करायला बसले की तो येतोच, आणि केसाळ रेषा सगळ्यात जास्त तिथेच उगवते. बुंधा खालून वर, खांद्यातून, एका ओढीत. दुसरी कड तिला समांतर न काढता वर किंचित जवळ येत जाणारी. मुळाशी फुगवटा असतो तो नंतर. बुंध्यावरचे वेटोळे सगळीकडे सारख्या अंतरावर काढले की माडाची स्प्रिंग होते. चार-पाच पुरे, तेही सावलीच्या बाजूने सुरू होऊन मधेच सुटणारे. झावळीचा मधला दांडा आधी: शेंड्यातून वर निघून वजनाने खाली वाकणारी एक कमान. मग पाती, दांड्याकडून बाहेर झटकलेली, सुरुवातीला दाब, शेवटी पेन उडते. आतल्या बाजूला लांब, टोकाकडे आखूड. नवखा माणूस कारंज्यासारख्या आठ सारख्या झावळ्या काढतो. खरे तर दोन-तीन आपल्याकडे येतात आणि आखूड दिसतात, एखादी सुकून बुंध्याला चिकटून लोंबते. झटक्याची ही हालचाल मात्र मनगटाचीच आहे. मनगट वाईट असे कुणी समजू नये, ते लांब रेघेला वाईट.

एवढे झाल्यावर हात सुटतो, माणूस सुटतोच असे नाही. त्यासाठी वेळ लावून काढायची जलद रेखाटने. ए-३ कागद, चारकोलची काडी आडवी धरून, मोबाइलवर टायमर. तीस सेकंदांची दहा, एक मिनिटाची दहा, दोन मिनिटांची पाच. पंचवीस मिनिटांत पंचवीस चित्रे. तीस सेकंदांत फक्त एक गोष्ट काढायची, शरीराचा कल: टाचेपासून मानेपर्यंत जाणारी एक लांब ओढ. तोंड, बोटे, कपडे काही नाही. मिनिटाच्या चित्रात खांद्याची व कमरेची तिरकी रेघ आणि दोन्ही पाय. दोन मिनिटांत वजन कुठल्या पायावर आहे ते.

यासाठी माणसे कुठली निवडावीत यात आमची एक चूक झाली. वाटले शिगमा म्हणजे पर्वणी. घोडेमोडणीत नर्तकाच्या कमरेला लाकडी घोडा बांधलेला असतो, पाय झाकले जातात, सगळी गती खांद्यात आणि तलवारीच्या हातात. रोमटामेळात, म्हणजे शिगम्याच्या वाजतगाजत जाणाऱ्या मिरवणुकीत, एकामागे एक पन्नास जण. दिसायला सुंदर, पण सुरुवातीच्या शिकाऊला निरुपयोगी, कारण हवी ती ढब पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसतो आणि गर्दीत कोपर हलवायला जागा नसते. त्याच त्या हालचाली पुन्हा पुन्हा करणारी माणसे शोधावीत. किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचे मोठे जाळे, ओढताना पाहा: दोराला धरून अंग मागे टाकलेले, टाचा वाळूत रुतवलेल्या, अख्खे शरीर एका तिरक्या रेघेत, आणि तीच ढब दर काही सेकंदांनी परत. एक चुकले तर दुसऱ्या ओढीला पुरे करता येते. मासळी बाजारात विसवण कापणारी बाई, पाव वाटत फिरणारा पदेर सायकल थांबवतो तो क्षण, मैदानावर फुटबॉलचा गोली. पकडायची सवय लागल्यावर शिगमा घ्यावा.

वेगाच्या नादात एक गैरसमज बळावतो की सैल रेषा म्हणजे भरभर काढलेली. तो मोडायला उलट टोकाचा सराव ठेवला: कागदाकडे न पाहता बाह्यरेषा. समोर जासवंद किंवा जुना चामड्याचा बूट. नजर वस्तूच्या कडेवर, पेन कागदावर, आणि दोन्ही मुंगीच्या चालीने एकत्र सरकणार. पाच मिनिटे, एकदाही कागदाकडे न पाहता. चित्र हास्यास्पद होते. जासवंदाची पाकळी देठाच्या पलीकडे निघते. पण रेघ पाहा, तीत केस नाहीत. संथ असूनही नाहीत, कारण टोकाकडे पाहून दुरुस्ती करायला डोळे मोकळेच नव्हते. हे ज्या दिवशी ध्यानात आले त्या दिवशी अर्धे कोडे सुटले.

हत्यार बदलण्याचाही उपयोग होतो, पण सहाव्या आठवड्यानंतर. खराट्यातला हीर घ्या, वीतभर लांब, टोक दगडावर किंचित ठेचून चारकोलसारखे बोथट करा आणि काळ्या शाईत बुडवा. दोन-तीन सेंटीमीटर ओली जाड रेघ, मग कोरडी तुटक, मग काहीच नाही. किती शाई आहे आणि ती कुठे संपेल याचा अंदाज टेकण्याआधीच घ्यावा लागतो, आणि बारकाईची हौस आपोआप गळते. फ्रेंच चित्रकार मातिस उतारवयात व्हाँसच्या प्रार्थनागृहासाठी लांब बांबूला कोळसा बांधून भिंतीवर काढत; आपण झाडूच्या दांड्याला चारकोल बांधून अंगणाच्या भिंतीवर लावलेल्या वर्तमानपत्रावर तेच करू शकतो. बोरू असेल तर तोही चांगला. फक्त तो स्वतःकडे ओढायचा, पुढे ढकलला की टोक कागदात रुतते. लाखेची काळी ड्रॉइंग इंक फाउंटन पेनात मात्र भरू नये. ती आत सुकली की निघत नाही.

मिटवता न येणाऱ्या रेघेचा विषय निघाला म्हणून: कोकण-गोव्यातल्या जुन्या देवळांवरची कावी कला पाहून घ्यावी. पांढऱ्या चुन्यावर तांबड्या कावेचा थर, आणि तो ओला असताना खरवडून आतला पांढरा उघडा करायचा. थर वाळायच्या आत ठरवलेले उरकावे लागते, आणि खरवडलेले परत भरता येत नाही. वेलीच्या वळणावर कारागिराने हात कुठे उचलला ते शोधत पाहावे. आपल्या चित्रकारांकडेही याच नजरेने पाहावे. लोटलीच्या मारियो मिरांडांच्या (१९२६–२०११) गर्दीच्या चित्रांत रेघेची जाडी फारशी बदलत नाही. एक माणूस दुसऱ्यापासून सुटा दिसतो तो कपड्यांच्या चौकटी, ठिपके आणि भरीव काळ्या जागांमुळे. रेईश मागूशच्या किल्ल्यात त्यांची चित्रे जवळून पाहता येतात. साळगावात जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सूझा (१९२४–२००२) याच्या अगदी दुसऱ्या टोकाला: जाड काळी, अंगावर येणारी बाह्यरेषा आणि आडव्या-उभ्या रेघांनी विणलेले चेहरे. दोघांच्याही रेषेत शंका नाही, आणि त्या दोन रेषांत काही साम्यही नाही. तेव्हा सैल रेषा म्हणजे अमुक एक शैली, ही समजूत टाकून द्यावी. आजकाल जी ‘सैल’ चित्रे म्हणून दाखवली जातात त्यातली निम्मी मुद्दाम वाकडी केलेली असतात असे आमचे प्रामाणिक मत आहे.

रेघेची जाडी हा शेवटच्या दोन आठवड्यांचा विषय. पणजीतल्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीतले एखादे घर घ्या: पुढे आलेली लोखंडी गॅलरी, कौलांची पागोळी, खिडकीची चौकट. सगळ्याला एकाच ०.५ ने कड दिली की घर पत्र्याचे दिसते. जिथे एक वस्तू दुसरीच्या पुढे येते तिथे जाड, छपराच्या खालच्या कडेला जाड, उन्हाकडची बाजू बारीक किंवा अर्धवट तोडलेली. जाडी वाढवायची तीसुद्धा पहिल्याच वेगाने, हवेत फेरी मारून, रेघेच्या एका भागावरून एकदाच. हळूहळू गिरवून जाड केली की दोन महिन्यांची कमाई एका मिनिटात जाते. कड करवतीसारखी होते. कौले मोजून काढू नयेत. पागोळीची एक ओळ, कोन्यावरची एक, मधे दोन-तीन ठिकाणी चार-चार कौलांचे पुंजके. चिऱ्याच्या कुंपणाचेही तेच, सगळे चिरे काढले तर डोळा भिंतीवरच अडकतो. गॅलरीच्या नक्षीकामात मात्र बोटांनीच काढावे लागते. आधी खांद्यातून वरची-खालची दांडी, मग गजांची अंतरे, मग एकाच नक्षीला तीनदा नीट आणि पुढे नुसता भास.

जून उजाडला की वेगळेच त्रास. दमट कागद फुगतो, फाइनलायनरची शाई धाग्यांतून पसरते आणि उत्तम ओढलेली रेघही कडेला केसाळ दिसते. हाताला दोष देण्याआधी कागद तपासावा: एक रेघ पावसाळी पानावर, एक प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवलेल्या पानावर. फरक लगेच कळतो. काढायला बसण्यापूर्वी पाने पाच मिनिटे टेबललॅम्पखाली ठेवली तरी बरेच भागते. चारकोलची चित्रे फिक्सेटिव्ह (चारकोल कागदावर धरून ठेवणारा फवारा) न मारता पावसाळ्यात एकावर एक ठेवू नयेत, आणि कोरी पाने कपाटाच्या भिंतीकडच्या कप्प्यात अजिबात नाही. सप्टेंबरपर्यंत त्यांवर बुरशीचे पिवळे ठिपके पडलेले असतात.

टॅबलेटवर काढणाऱ्यांनी रेघ सरळ करून देणारी सोय, स्ट्रीमलाइन किंवा स्टॅबिलायझर, सरावापुरती शून्यावर न्यावी. ती थरथर लपवते, घालवत नाही. आणि मागे जाण्याचे बटण खोडरबराहून वाईट. दहा रेघा काढून होईपर्यंत ते वापरायचे नाही असा नियम केला तर काच आणि कागद यांत फारसा फरक राहत नाही, एवढेच की काच घसरते, म्हणून दाब आपोआप वाढतो; खडबडीत फिल्म लावलेली बरी.

आठ आठवड्यांनंतर पंधरा मिनिटांचा सराव दहावर आणला आहे: एक पान ठिपके जोडणे, अर्धे पान लंबवर्तुळे, उरलेल्या अर्ध्यावर आठ-आठ रेघा. आठवडाभर खंड पडला की केस पुन्हा दिसू लागतात, आधी उभ्या रेघांत, मग मोठ्या कमानींत. अशा वेळी चित्राला न भिडता उभ्याने वर्तमानपत्राची दोन पाने भरून घ्यायची, खांद्यातून, आणि मग बसायचे.